दर वर्षी नव्याने

गणपतीच्या आधी पंधरा दिवस पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्यांत शिरलं की घरगुती सजावटीचं आज काय झालं आहे ते कळतं. दर्शनी भागात प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा, कापडी पानांचे वेल, उलगडली की उभी राहणारी मखरं, एलईडीचे पडदे. आतल्या फळीवर घोटीव कागदाची भेंडोळी, क्रेपच्या गुंडाळ्या, पताकेचा कागद, बेगड, टिकल्या, हिरवी टेप आणि बारीक तार. गर्दी बाहेरच्या मालाला असते. पण आतली फळी रिकामी झालेली नाही. तिथला माल विचारत येणारी माणसं आहेत, आणि त्यांत आजीइतकीच तरुण मुलंमुलीही दिसतात.

घरी कागदाची फुलं करायची, कंदील बांधायचा, रुखवताच्या वस्तू स्वतः घडवायच्या, ही कलाकुसर मागे का पडली, याची उत्तरं ठरलेली आहेत. वेळ नाही, बायका नोकरीला लागल्या, मुलांच्या हातात मोबाइल आला. यांत तथ्य आहे, पण मला ही उत्तरं अपुरी वाटतात. गिरणगावातल्या चाळींत पाळ्या करणाऱ्या माणसांनाही वेळ नव्हताच, तरी कंदील होत होते. मूळ कारण वस्तूंच्या स्वभावात आहे. आपल्या घरांतल्या सजावटीच्या बहुतेक वस्तू टिकण्यासाठी नव्हत्याच. त्या एका तिथीपुरत्या असत. तिथी सरली की त्या संपत, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा कराव्या लागत, आणि पुन्हा कराव्या लागत म्हणून घरातला कोणी ना कोणी हात तयार होत राही. टिकाऊ सजावट माळ्यावरच्या खोक्यात जाऊन बसली तेव्हा हे फिरतं चाक थांबलं.

वर्षभराचा फेरा पाहिला तर हे पटेल. संक्रांतीला हलव्याचे दागिने. त्यासाठी आधी काटेरी हलवा हवा. कढई किंवा परात मंद आचेवर ठेवायची, तीळ, खसखस किंवा साबुदाणा घ्यायचा, पाक चमच्याचमच्याने घालत हाताने फिरवत राहायचं. घाई केली की दाणे एकमेकांना चिकटतात, आच वाढली की साखर पिवळी पडते. थंड, कोरडी हवा असेल तर काटा चांगला उठतो, म्हणून हे काम बहुधा पहाटे चाले. मग तो हलवा दोऱ्यात ओवायचा, कार्डशीटवर डकवायचा, जरीची किनार लावायची. मंगळसूत्र, बाजूबंद, नथ, कंबरपट्टा, जावयासाठी हार आणि नारळ, बोरनहाणाच्या बाळासाठी मुकुट आणि बासरी. काळ्या साडीवर हे सगळं एका संध्याकाळी घालायचं आणि संपलं. इतके तास एका संध्याकाळसाठी घालवणाऱ्या बायकांना कोणी वेडं म्हटलं नाही, कारण त्या संध्याकाळची किंमत घरातल्या सगळ्यांना ठाऊक होती.

चैत्रात गौरीपुढे आरास. कलिंगडाचं कमळ, काकडीची फुलं, अंगणात चैत्रांगण. ही तर काही तासांची कला. श्रावण-भाद्रपदात कापसाची वस्त्रं: बोटांनी कापूस ओढून, थोडा ओलावा लावून पीळ द्यायचा, मधे मधे कुंकवाचे ठिपके. गप्पा मारता मारता होणारं हे काम कोणी कलेत मोजत नाही, पण सारख्या अंतरावर सारख्या जाडीचा मणी उतरवणं किती अवघड आहे ते एकदा करून पाहावं. गोव्यात गणपतीच्या वर माटोळी बांधतात. लाकडी चौकटीला रानातली फळं, फुलं, वेल, सुपारीचे घड, नारळ लटकवायचे. ती बांधणाऱ्याला रानातली कोणती वनस्पती भाद्रपदात कुठे सापडते हे माहीत असावं लागतं, म्हणजे सजावटीबरोबर वनस्पतींची ओळखही पुढच्या पिढीकडे जाते. लग्नात रुखवत: सुपारीचे नवरा-नवरी, कोरलेल्या खोबऱ्याच्या वाट्या, सप्तपदीची पावलं, लोकरीची आणि मण्यांची तोरणं. रुखवतातल्या काही वस्तू पुढे संसारात राहत, पण बरंचसं काम मांडवातल्या एका दिवसाचंच.

कागद आणि बांबू यांची जोडी तर सगळ्या धर्मांच्या घरांत फिरली. मोहरमचे ताबूत कामट्यांचे आणि रंगीत कागदाचे. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंच ताबूत बघायला लांबून माणसं येतात, आणि त्यांच्या बांधणीत हिंदू-मुसलमान दोघांचे हात असतात. गोव्यात आणि वसईत नाताळाला दाराशी लागणारे तारे त्याच कामट्यांचे आणि पतंगाच्या कागदाचे. गोव्यात दिवाळीच्या पहाटे जाळला जाणारा नरकासुर कागद, गवत आणि बांबूचाच.

आकाशकंदिलापाशी जरा थांबायला हवं, कारण घरगुती कलाकुसरीत याच्याइतकी हुशारीची वस्तू मला दुसरी दिसत नाही. आपला जुना, साधा कंदील असा होतो: सारख्या लांबीच्या चोवीस काड्या घ्यायच्या, त्यांचे सहा चौकोन बांधायचे. चार चौकोन टोकावर उभे धरून कोपऱ्याला कोपरा जोडत कडं करायचं. त्यांच्या वरच्या टोकांना एक चौकोन, खालच्या टोकांना एक. एवढं केलं की मधल्या जागांतून आठ त्रिकोण आपोआप तयार होतात, त्यांच्यासाठी वेगळी एकही काडी लागत नाही. शाळेत घन आकृत्या शिकवताना धडपडणाऱ्या शिक्षकांनी हा सांगाडा एकदा वर्गात न्यावा. आणखी एक गंमत आहे. कागद लावेपर्यंत हा सांगाडा डुगडुगतो, हातात धरून पिळला तर फिरतो. पहिल्यांदा करणारा घाबरतो, आपलं बांधकाम चुकलं असं त्याला वाटतं. पण खळ लावून कागद डकवला, खळ सुकून कागद ताणला गेला की सगळं ताठ उभं राहतं. पतंगाच्या कागदाचा तो पातळ पापुद्रा इथे सजावटही करतो आणि आधारही देतो. वरून करंज्या, खाली झिरमिळ्या. झिरमिळ्यांसाठी कागद घडी घालून कातरला की एका कातरीत दहा पट्ट्या सुटतात आणि लहान मुलांना हे काम निर्धास्त देता येतं.

माहीमच्या कंदील गल्लीत आजही हातचे कंदील मिळतात, आणि ते घ्यावेत. पण घरी करण्याला आता एक नवी सोय झाली आहे, तिची दखल फार कोणी घेत नाही. पूर्वी कंदिलात तापणारा पिवळा दिवा सोडत, त्याने कागद करपायचा, एखाद्या वेळी पेटायचाही. एलईडीचा दिवा फारसा तापत नाही. म्हणजे ज्या काळात कागदाचा कंदील सर्वांत निर्धोक झाला, त्याच काळात आपण प्लास्टिकच्या कंदिलाकडे वळलो.

कागद घरोघर सजावटीला आला तो फार जुना नाही. महाराष्ट्रात हातकागद बराच आधीपासून होता. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नरला तो बनत असे, पेशवाईतली दप्तरं या कागदांवर लिहिलेली आहेत. पण तो लिहायचा, मोलाचा कागद, त्याच्या झालरी कोण कापणार? तेव्हाची आरास पानाफुलांची, केळीच्या खुंटांची, आंब्याच्या डहाळ्यांची. गिरणीचा स्वस्त रंगीत कागद बाजारात आल्यावर पताका, झालरी, फुलं हे सगळं सामान्य घराच्या आवाक्यात आलं. उलट दिशेने, गिरणीच्या कागदापुढे मरणपंथाला लागलेला हातकागद जगवण्यासाठी पुण्यात १९४० साली हातकागद संस्था उभी राहिली. चिंध्यांपासून केलेला तिथला जाड, खरबरीत, रंगवलेला कागद आज हौशी मंडळी फुलांसाठी वापरतात. त्याला घड्या घालणं अवघड, पण मोठ्या पाकळ्यांच्या कमळाला त्याच्यासारखा कागद नाही.

मग थर्माकोल आलं. पांढरंशुभ्र, पिसासारखं हलकं, गरम तारेने लोण्यासारखं कापलं जाणारं. कागदात जे कोरायला आठ दिवस लागत ते एका रात्रीत होऊ लागलं. सार्वजनिक मंडळांतून ते घरांत शिरलं आणि दोन-तीन दशकांत मखर म्हणजे थर्माकोल हे समीकरण झालं. त्यातून मंदिरांच्या, महालांच्या सुंदर प्रतिकृती करणारे कारागीर तयार झाले, त्यांच्या कसबाबद्दल मला आदरच आहे. पण विसर्जनानंतर रस्त्याकडेला आणि खाडीत तरंगणारे ते पांढरे तुकडे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. ते कुजत नाहीत, फक्त बारीक होत जातात. जाळले तर काळा, घातक धूर. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात प्लास्टिकच्या अनेक वस्तूंबरोबर सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली. मखर विक्रेत्यांनी निदान त्या गणपतीपुरती सवलत मागितली, जुलै २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती नाकारली. १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बंदीतही सजावटीचं थर्माकोल आलं.

बंदीनंतर कागद घरात परतला का? थोडासा. नानासाहेब शेंडकरांच्या ‘उत्सवी’सारख्या प्रयत्नांतून पुठ्ठ्याची घडीची मखरं लोकप्रिय झाली. ती कागदाचीच असतात, पुन्हा वापरता येतात, शेवटी रद्दीत जातात, परदेशी जाणाऱ्या सामानात सपाट होऊन मावतात. या सगळ्याचं मी स्वागत करतो. तरी घरातल्या हातांना त्यात खाचेत खाच बसवण्यापलीकडे काम उरत नाही. आणि थर्माकोलची रिकामी झालेली जागा मोठ्या प्रमाणावर घेतली ती प्लास्टिकच्या आणि कापडी फुलांनी, कारण देशव्यापी बंदीच्या त्या यादीत ती फुलं नव्हती. झेंडू, शेवंती, गुलाब पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना याचा थेट फटका बसला. प्लास्टिकच्या फुलांवर बंदी घाला, म्हणून फूल उत्पादक मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यांची तक्रार मला शंभर टक्के रास्त वाटते. दसऱ्याच्या दारावर न कोमेजणारा झेंडू लावला की शेतकऱ्याचा एक दसरा गेला, आणि तो फक्त एक नाही, ती माळ टिकेल तितके सगळे दसरे गेले.

इथे कोणी म्हणेल, मग कागदाच्या फुलानेही शेतकऱ्याचं नुकसानच होतं की. तसं होत नाही, कारण कागदाचं फूल देवाच्या पायावर जात नाही, हारात जात नाही. ते मखराच्या कमानीवर, पडद्यावर, दाराच्या चौकटीच्या वर बसतं, जिथे खरं फूल दुपारपर्यंत माना टाकतं. पूजेला खरं फूल, आराशीला कागदाचं, अशी वाटणी घरांनी आपसूक केलेली आहे आणि ती योग्य आहे.

आता प्रत्यक्ष फुलाकडे. क्रेप कागद हातात घेतला की त्याच्या सुरकुत्या एकाच दिशेने जातात हे दिसेल. सुरकुत्यांना आडवं ओढलं की तो ताणला जातो, सुरकुत्यांच्या दिशेने ओढला तर फाटतो. कागदी फुलांची निम्मी विद्या एवढ्यात आहे. पाकळी कापताना सुरकुत्या देठाकडून टोकाकडे उभ्या राहतील असं पाहायचं, मग दोन्ही अंगठे मध्यभागी ठेवून हलकेच बाहेर ताणायचं की पाकळीला वाटीसारखा खोलगटपणा येतो. काठ बोटांच्या टोकांनी ठिकठिकाणी ओढला की चुणी पडते. हा कागद उलट कापला तर कितीही खटपट करा, पाकळी सपाटच राहते. साध्या कागदालाही अंगचा कल असतो, कारण यंत्रावर त्याचे तंतू एका दिशेने बसतात. एक पट्टी उभी आणि एक आडवी फाडून बघा, एक सरळ फाटेल, दुसरी वेडीवाकडी. सरळ फाटते त्या दिशेने घडी स्वच्छ बसते.

चिकटवायला मैद्याची खळ अजूनही उत्तम. पाण्यात मैदा कालवून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा, चिमूटभर तुरटी घालायची. झुरळं, वाळवी लागू नये म्हणून पूर्वी खळीत मोरचूद घालत. मुलं हाताळणार असतील तर ते अजिबात घालू नये, मोरचूद विषारी आहे. खळ किंवा डिंक क्रेपला अगदी कमी लावायचा, कारण ओल लागली की क्रेपचा रंग सुटतो आणि पांढऱ्या तगरीवर लाल डाग पडतो. देठाला बारीक तार, तिच्यावर हिरवी टेप ओढून, ताणून गुंडाळायची. गरम गोंदाच्या पिस्तुलाची मला धास्ती वाटते. काम झटपट होतं, पण तो गोंद म्हणजे वितळलेलं प्लास्टिक, बोटं भाजतात, आणि त्याने जोडलेला कागद रद्दीतही धड जात नाही.

पण फूल खरं होतं ते हाताच्या चलाखीने नव्हे, बघण्याने. जास्वंद घ्या. बाजारात, चित्रफितींत दिसणाऱ्या कागदी जास्वंदींत बहुधा पाच पाकळ्या चांदणीसारख्या सपाट मांडलेल्या असतात. दारातली जास्वंद तशी नसते. तिची प्रत्येक पाकळी एका काठाने शेजारणीच्या वर आणि दुसऱ्या काठाने दुसरीच्या खाली असते, म्हणून फुलाला किंचित फिरकी येते. मधून निघालेली नळी पाकळ्यांच्या बाहेर डोकावते, तिच्यावर पिवळे परागकोश, आणि अगदी टोकाला पाच लहान लाल गोंडे. मागे हिरव्या पानांची दोन वलयं, एक मोठं आणि त्याच्याखाली एक बारीक. एवढं पाहून केलेली जास्वंद कागदाची असली तरी ओळखीची वाटते. झेंडू हे एक फूल नसून शेकडो बारीक फुलांचा गेंद असतो, हे लक्षात आलं की पाकळ्या मोजत बसायला नको. क्रेपची लांब पट्टी घेऊन काठाला बारीक चुण्या पाडायच्या आणि तळाशी आवळत गुंडाळायची. तगरीच्या पाच पाकळ्या एकाच बाजूला वळलेल्या भिरभिऱ्यासारख्या, पारिजातकाच्या पाच ते आठ, आणि देठ केशरी. हे सगळं अंगणात, सोसायटीच्या कुंपणात फुकट बघायला मिळतं. तरी घरोघर जो तो गुलाबच करतो, तोही एकाच नमुन्याचा, कारण तो शिकवणाऱ्या चित्रफिती सर्वांत जास्त आहेत. चित्रफितींना मी नावं ठेवत नाही. ज्यांच्या घरात शिकवणारं कोणी नाही त्यांना त्यांनीच हात दिला, आणि हात कसा हलतो हे पुस्तकातल्या आकृतीपेक्षा त्यांत पुष्कळ स्वच्छ दिसतं. पण एकदा पट्टी गुंडाळायला आली की फोन बाजूला ठेवून कुंडीजवळ बसावं.

या बघण्याचा सर्वांत मोठा दाखला इंग्लंडमधला आहे. मेरी डेलनी या बाईंनी १७७२ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, रंगीत कागद कापून काळ्या कागदावर फुलं डकवायला सुरुवात केली. समोर खरी फांदी ठेवायची, आणि आधी रेखाटन न करता कात्रीने पाकळ्या, शिरा, पुंकेसर कापायचे. एका फुलाला शेकडो तुकडे लागत. डोळे अधू होईपर्यंत, दहाएक वर्षांत, त्यांनी जवळजवळ एक हजार फुलं केली. ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही ती अचूक मानली जातात. सत्तरी ओलांडल्यावर आता नवं काय शिकायचं, असं म्हणणाऱ्या आपल्याकडच्या आजी-आजोबांना हे आवर्जून सांगावंसं वाटतं.

शाळांनी या बाबतीत काय केलं हा दुखरा विषय आहे. कल्पना थोर होत्या. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेलने १८३७ मध्ये लहान मुलांसाठी जी शाळा काढली, पुढे जिला बालोद्यान हे नाव मिळालं, तिथे कागदाच्या घड्या, कातरकाम, कागदाचं विणकाम ही शिक्षणाचीच अंगं होती. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांबरोबर काम करताना परिसरातली पानं, बिया, शिंपले, माती यांचीच साधनं केली. १९३७ च्या वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या उद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागी आणलं. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली आणि कार्यानुभव हा शब्द आपल्या वेळापत्रकात आला. पण बहुतेक ठिकाणी तो तास गणिताने घेतला, आणि उरला तिथे एक वही आणि एक प्रदर्शन उरलं. ‘उद्या शोभेची वस्तू आणा’ असं रात्री नऊ वाजता घरी कळतं, आई किंवा बाबा ती करतात किंवा कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडून तयार आणतात, आणि मुलाला गुण मिळतात. मुलाच्या हातून वेडंवाकडं झालेलं फूल वर्गात मागे सरकवलं जातं, हे तर त्याहून वाईट.

याला अपवाद आहेत. अरविंद गुप्ता यांनी पुण्यात आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याचा जो प्रचंड खजिना सगळ्यांसाठी खुला केला, त्यात कागदाच्या टोप्या, पक्षी, भिंगऱ्या आहेत, आणि प्रत्येकात काहीतरी हलतं, उडतं किंवा फिरतं. मोडून आत काय आहे ते पाहायला मूल मोकळं असतं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात मुलांसाठी सहावी ते आठवीच्या काळात कधीतरी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांबरोबर काम करण्यासाठी सुचवले आहेत. ज्या शाळा ते खरोखर पाळतील त्यांनी कंदील करणारा, बाशिंग करणारा, बुरुडकाम करणारा माणूस वर्गात बोलवावा, त्याला मानधन द्यावं, आणि प्रदर्शन भरवू नये.

आता या कामाच्या ओझ्याबद्दल. रुखवत, हलव्याचे दागिने, वस्त्रं, आरास ही बायकांची कामं आणि मखर, कंदील, किल्ला ही पुरुषांची नि मुलग्यांची, अशी वाटणी होती. पहिल्या यादीतली कामं स्वयंपाक आणि धुणीभांडी उरकल्यावर, दिव्याखाली बसून व्हायची. त्यात आनंद होता हे मी नाकारत नाही, पण सक्तीही होती. रुखवत कमी पडलं म्हणून मुलीला टोमणे ऐकावे लागत. ज्या बायकांनी हे सगळं विकत आणायला सुरुवात केली त्यांना दोष द्यायला माझं मन होत नाही. जे आता पुन्हा सुरू करायचं ते या ओझ्याशिवाय करायचं. मुलग्यांनी वस्त्रं करावीत, मुलींनी कामट्या तासाव्यात, आणि ज्याला नको वाटेल त्याने चहा करून द्यावा.

विकण्यासाठी करणाऱ्यांचं गणित वेगळं आणि कठीण आहे. एका नीट केलेल्या कागदी जास्वंदीला पाव तास सहज जातो. बचत गटातल्या बाईने त्या पाव तासाची मजुरी धरून किंमत सांगितली की गिऱ्हाईक शेजारच्या प्लास्टिकच्या माळेकडे बघतं. हलव्याच्या दागिन्यांना मात्र गिऱ्हाईक टिकून आहे, ऑर्डरी परदेशातूनही येतात, कारण त्यांना स्वस्त प्लास्टिकचा पर्याय नाही आणि तिथी चुकवता येत नाही. यातून विकणाऱ्यांना एक वाट दिसते: बारमाही शोभेची फुलदाणी करण्यापेक्षा एखाद्या सणाला, एखाद्या विधीला लागणारी वस्तू करावी. परदेशातल्या मराठी घरांत गणपतीच्या आराशीला जास्वंद हवी असते आणि दारी ती नसते. तिथे कागदाची जास्वंद ही गरज आहे.

तिथीला बांधलेली, नाशवंत कला फक्त आपलीच नाही. चीनमध्ये नव्या वर्षाला खिडक्यांवर डकवायची लाल कागदाची कातरफुलं दर वर्षी नवी कापतात. चिनी कागदकातरणीला युनेस्कोच्या वारशाच्या यादीत २००९ मध्ये स्थान मिळालं. पण मला सर्वांत जवळचं वाटतं ते पोर्तुगालमधलं काम्पो मायोर हे सीमेवरचं छोटं गाव. तिथले लोक गावातले रस्तेच्या रस्ते कागदाच्या फुलांनी झाकतात. प्रत्येक रस्त्याचे रहिवासी महिनोन्महिने रात्री जमून फुलं करतात, आपल्या रस्त्याची योजना दुसऱ्यांपासून लपवून ठेवतात, आणि एका रात्रीत सगळं टांगतात. हा उत्सव दर वर्षी होत नाही. लोकांच्या मनात येईल तेव्हाच होतो. पाऊस आला तर सगळं धुऊन जाणार हे माहीत असतं. २०२१ मध्ये युनेस्कोने याचीही नोंद घेतली. त्यांच्या यादीत मोल आहे ते फुलांपेक्षा शेजाऱ्यांनी एकत्र बसण्याला आणि थोरांकडून लहानांकडे जाणाऱ्या हातवळणाला. आपल्या वाड्यांत आणि चाळींत गणपतीच्या आधीच्या रात्री हेच होत होतं, आणि आजच्या सोसायटीच्या सभागृहात ते होऊ शकतं. जागा आहे, दिवे आहेत, पंखे आहेत. कंत्राटदाराला दिलेल्या सजावटीच्या पैशांचा एक तुकडा कागद, कामट्या आणि खळीला पुरून उरेल.

दर वर्षी नवं करायचं म्हणजे दर वर्षी कचरा, हा आक्षेप खोटा नाही. त्याला जुन्या घरांचंच उत्तर आहे: सांगाडा जपायचा, कागद बदलायचा. बांबूचा कंदील नीट बांधला असेल तर चार-पाच दिवाळ्या जातो. जुना कागद कोमट पाण्याने भिजवून खरवडला की खळ सुटते, म्हणूनही खळच वापरावी. मखराची लाकडी किंवा पुठ्ठ्याची चौकट तीच ठेवून वरची फुलं आणि झालर बदलावी. मुलांना दर वर्षी वेगळं फूल करायला मिळतं आणि घराचं खोकं लहान राहतं.

साहित्य घेताना मात्र डोळे उघडे हवेत, कारण कागद म्हणून जे विकलं जातं ते सगळं कागद नसतं. चमकी लावलेला कागद म्हणजे कागदावर चिकटवलेले प्लास्टिकचे कण. ते केसांत, जेवणात, नाल्यात सगळीकडे जातात आणि परत गोळा होत नाहीत. चकचकीत लॅमिनेशन केलेलं कार्ड फाडून बघावं, पापुद्रा सुटून ताणला गेला तर ते टाळावं. जिलेटिन कागद म्हणून मिळणारा पारदर्शक रंगीत ताव पूर्वी झाडांच्या लगद्यापासून केलेल्या सेलोफेनचा असे, आता तो बहुधा प्लास्टिकचा असतो. एक तुकडा पाण्यात ठेवला तर सेलोफेन मऊ पडतं, प्लास्टिक जसंच्या तसं राहतं. कंदिलाला पतंगाचा कागदच बरा, त्यातून येणारा उजेड मऊ असतो.

उत्सव संपला की कागदाची आरास मूर्तीबरोबर पाण्यात सोडू नये. क्रेपचा रंग पाण्यात उतरतो, तारा तळाशी जातात. फुलं सोडवून हिरवी टेप काढावी, सुका कागद रद्दीत द्यावा, डागाळलेला आणि खळ लागलेला ओल्या कचऱ्याच्या खतात टाकावा, रंग फार गडद असेल तर तोही बेताने. तारा सरळ करून गुंडाळून ठेवाव्यात, दिवाळीच्या कंदिलाच्या करंज्या बांधायला त्याच लागतात.